विमानाची काच पुसणारे हात

लहान विमानाच्या समोरच्या काचेला आपण सवयीने काच म्हणतो, पण ती काच नसते. चार आसनांचे सेस्ना असो की प्रशिक्षणाचे दोन आसनी विमान, वैमानिकाच्या समोर वाकवून बसवलेला तो पारदर्शक पडदा ॲक्रेलिक नावाच्या प्लास्टिकचा असतो. तेवढ्याच जाडीच्या काचेच्या निम्म्याहूनही त्याचे वजन कमी भरते. त्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. ऊन, वारा, पाऊस तो वर्षानुवर्षे अंगावर घेतो. पण एवढे सगळे सोसणारी ही वस्तू धुळीने भरलेली असताना कोरड्या फडक्याने दोनदा घासली, तर कायमची खराब होऊ शकते.

मी भाषांचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. विमानांशी माझा संबंध आला तो शब्दांच्या वाटेने. या प्लास्टिकला इंग्लंडमध्ये 'पर्स्पेक्स' म्हणतात. हे नाव लॅटिनमधल्या 'आरपार पाहणे' या अर्थाच्या क्रियापदावरून घेतले आहे. म्हणजे अक्षरशः आपला 'पारदर्शक'. उर्दूत आपण 'शफ्फाफ' म्हणतो. तिन्ही शब्द वस्तूचा गुण सांगतात. पण तो गुण टिकवायला कुणाचा तरी हात लागतो, ही गोष्ट तिन्हींपैकी एकाही शब्दात येत नाही. ती इतिहासाच्या पुस्तकांतही फारशी येत नाही. उडणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्यांच्यासमोरची नजर स्वच्छ ठेवणाऱ्यांची नावे कुणी लिहूनच ठेवली नाहीत.

हा लेख त्या प्लास्टिकचा आहे आणि ते पुसणाऱ्या हातांचाही.

कुर्तुब्याचा एक माणूस, दोन कामे

आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की अब्बास इब्न फिरनासचे नाव निघतेच. नवव्या शतकात कुर्तुबा शहरात राहणारा हा विद्वान अंगाला पिसे आणि पंख लावून उंचावरून झेपावला, काही अंतर तरंगत गेला आणि उतरताना पाठीवर आपटला, ही गोष्ट मोबाईलवर दर महिन्याला एकदा तरी फिरून येते. गोष्ट सुंदर आहे. पण ती आपल्याकडे प्रामुख्याने अल-मक्करी या लेखकामार्फत पोहोचली आणि अल-मक्करी सतराव्या शतकातला. इब्न फिरनासचा मृत्यू इसवी सन ८८७ मधला. मध्ये सुमारे साडेसातशे वर्षे जातात. जुन्या काव्यातल्या एका उल्लेखाचा आधार या गोष्टीला आहे, तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती सांगताना आवाज थोडा खाली ठेवायला हवा.

मला त्याच्या चरित्रातली दुसरी नोंद जास्त विचार करायला लावते. त्याच अल-मक्करीने लिहिले आहे की अंदलुसमध्ये दगडापासून काच बनवण्याची रीत इब्न फिरनासने काढली. एका माणसाच्या नावावर दोन कामे: उडणे आणि काच. आपण त्यातले पहिले उचलले, भिंतीवर लावले आणि दुसरे विसरलो. उडी सगळ्यांना दिसते. भट्टीसमोर बसून खडबडीत दगडातून आरपार दिसणारा तुकडा काढणे हे चिकाटीचे काम आहे आणि चिकाटीचे चित्र काढता येत नाही.

पुढे हजारएक वर्षांनी माणूस खरोखर उडायला लागला, तेव्हा या दोन कामांची गाठ पुन्हा पडली.

छत नसलेली विमाने

सुरुवातीच्या विमानांना खिडकीच नव्हती, कारण छत नव्हते. वैमानिक उघड्यावर बसे. समोर वारा अडवायला वीतभर उंचीचा एक तुकडा आणि डोळ्यांवर गॉगल. इंजिनातून उडणारे तेलाचे थेंब त्या गॉगलवर बसत आणि वैमानिक ते हातमोज्याने किंवा गळ्यातल्या रुमालाने पुसत.

आपल्या देशातल्या पहिल्या वैमानिकांनी असेच उड्डाण केले. मुंबईत १९२८ मध्ये फ्लाइंग क्लब सुरू झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने विमान चालवून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंड. १९३० साली ते बक्षीस अस्पी इंजिनियर या कोवळ्या पारशी तरुणाने जिंकले. टाटा उलट्या दिशेने, कराचीहून निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा टाटांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याला विमानाचा स्पार्क प्लग दिला, ही हकिगत प्रसिद्ध आहे. ज्या जिप्सी मॉथ विमानांनी ही शर्यत झाली ती उघड्या बैठकीची होती. कराची ते लंडन हा सारा प्रवास वाळू, ऊन आणि वारा तोंडावर घेत करायचा.

विमाने वेगवान झाली तसे उघड्यावर बसणे अशक्य होत गेले. वैमानिकाला झाकायला हवे होते, पण त्याला दिसायलाही हवे होते. काच जड आणि फुटली की जीवघेणी. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा दाबून बनवलेली सुरक्षित काच फ्रान्समध्ये बेनेडिक्टस यांनी शोधली होती. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांना तीच काच होती. पण तीही जड आणि विमानाच्या गोलाईप्रमाणे वाकवायला अवघड. दुसरा पर्याय सेल्युलॉइडचा, म्हणजे ज्यापासून सिनेमाची फिल्म बनायची त्या पदार्थाचा. तो हलका होता, वाकत होता, पण उन्हात पिवळा पडायचा आणि ठिणगी लागली की भडकायचा. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर असा पदार्थ बसवणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

चामड्याच्या पैशातून प्लास्टिक

यातून वाट काढली जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने. ऑटो रोम हे त्याचे नाव. १९०१ साली त्याने ट्युबिंगन विद्यापीठात ॲक्रेलिक आम्लापासून बनणाऱ्या पदार्थांवर प्रबंध लिहिला. त्या काळी या संशोधनाचे गिऱ्हाईक कुणीच नव्हते. मग १९०७ साली त्याने ऑटो हास या भागीदाराबरोबर कंपनी काढली ती चामडे कमावण्याच्या रसायनाची. तेव्हा कातडी मऊ करण्यासाठी टॅनरीत कुत्र्याची विष्ठा वापरत. रोमने त्याऐवजी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले पाचकद्रव्य वापरून दाखवले. चर्मकामगारांची एका किळसवाण्या कामातून सुटका झाली आणि त्या धंद्याच्या पैशावर रोम आपल्या जुन्या प्रबंधाकडे परतला.

१९३३ साली त्याच्या कंपनीने 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदवले. जवळपास त्याच वेळी इंग्लंडमध्ये आयसीआय या कंपनीत रोलंड हिल आणि जॉन क्रॉफर्ड हेच रसायन हाताळत होते. त्यांच्या मालाचे 'पर्स्पेक्स' हे नाव १९३४ साली नोंदले गेले. नावे दोन, पदार्थ एकच. पाण्यासारखे पातळ रसायन दोन काचांच्या मधल्या सपाट पोकळीत ओतायचे, हळूहळू तापवायचे आणि ते घट्ट झाले की काचा काढून घ्यायच्या. मागे उरतो तो नितळ तक्ता.

हा तक्ता सुमारे १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो, म्हणून त्याला विमानाच्या नाकाप्रमाणे गोलाई देता येते. तो काचेसारखा धारदार चूर होऊन विखुरत नाही. उन्हाने लवकर पिवळा पडत नाही. विमान बनवणाऱ्यांना आणखी काय हवे होते?

पण प्रत्येक गुणामागे एक उणीव लपलेली होती. तो सहज वाकतो, कारण तो मऊ आहे, आणि मऊ असल्यामुळेच त्यावर चरे पडतात. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात. ते या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. शिवाय गरम झाल्यावर ॲक्रेलिक काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावते. म्हणून त्याला स्क्रूने बसवताना छिद्र स्क्रूपेक्षा मोठे ठेवावे लागते. स्क्रू कचकचून आवळला तर दुपारच्या उन्हात फुगलेल्या तक्त्याला हलायला जागा उरत नाही आणि छिद्राच्या कडेपासून तडा जातो.

आकाशातला ठिपका

५ मार्च १९३६ रोजी स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान पहिल्यांदा उडाले. त्याच्या वैमानिकाच्या डोक्यावरचे झाकण पर्स्पेक्सचे होते. पुढे ते वरच्या बाजूला फुगीर केले गेले, म्हणजे मान वळवून मागे पाहता यावे. बंदुकीच्या गोळीसाठी समोर जाड काच लावली गेली, पण आजूबाजूचे आणि मागचे सारे जग वैमानिक प्लास्टिकमधूनच पाहत होता. पलीकडून येणाऱ्या जर्मन विमानांतही तेच, फक्त नाव प्लेक्सिग्लास. दोन्ही बाजूंची माणसे एकाच पदार्थातून एकमेकांना शोधत होती.

त्या काळात रडार जमिनीवर होते. वैमानिकाकडे होते फक्त डोळे. काही मैलांवरचे शत्रूचे विमान आकाशात ठिपक्याएवढे दिसते. झाकणावर धुळीचा कण असेल, मेलेली माशी असेल, तर तीही ठिपक्याएवढीच दिसते. खऱ्या ठिपक्याला घाण समजलात तर जीव जातो. घाणीला विमान समजलात तर तुम्ही उगाच वळता आणि तेवढ्यात खरे विमान पाठीवर येते.

म्हणून प्रत्येक विमानाची देखभाल करणाऱ्या जमिनीवरच्या माणसांकडे एक काम आवर्जून असे. इंजिन सांभाळणारा तो फिटर आणि विमानाचा सांगाडा सांभाळणारा तो रिगर. विमान उतरले की इंधन, दारूगोळा, प्राणवायू भरला जाई आणि रिगर झाकण चकचकीत पुसून देई. वैमानिक खुर्चीत बसला की त्याचे पट्टे आवळायला मदत करणारे हातही तेच. १९४० च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या आकाशात जे युद्ध झाले त्यातल्या वैमानिकांची यादी नावानिशी जपलेली आहे. रिगर मात्र बहुतेक ठिकाणी फक्त 'ग्राउंड क्रू' या दोन शब्दांत मावले.

आपल्याशी नाते असलेले एक नाव इथे घ्यायला हवे. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ १९४२ साली हवाई दलात आले. ब्रिटनमध्ये त्यांनी हरिकेन आणि स्पिटफायर विमानांचे प्रशिक्षण घेतले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते लढले. १९७८ ते १९८१ ते भारताचे हवाई दल प्रमुख होते आणि त्यानंतर आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवे. पण ब्रह्मदेशाच्या धुळीत आणि पावसात जे वैमानिक उडाले, त्यांना आरपार दिसत राहावे म्हणून खाली राबणारी हिंदी माणसेही होती. त्यांची नावे विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

डोळ्यात गेलेली खिडकी

या पदार्थाच्या इतिहासातला सर्वांत विलक्षण प्रसंग १५ ऑगस्ट १९४० चा आहे. गॉर्डन क्लीव्हर नावाच्या ब्रिटिश वैमानिकाच्या हरिकेनवर विंचेस्टर शहराजवळ गोळ्या बसल्या. डोळ्यांवर गॉगल नव्हता. झाकण फुटले आणि पर्स्पेक्सच्या कपच्या त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसल्या. काहीच दिसत नसताना तो विमानातून बाहेर पडला आणि पॅराशूटने जमिनीवर उतरला. एक डोळा गेला, दुसरा बऱ्याच शस्त्रक्रियांनंतर काही प्रमाणात वाचला.

त्याच्यावर आणि अशाच इतर वैमानिकांवर उपचार करणाऱ्यांत हॅरल्ड रिडली नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्या लक्षात आले की डोळ्यात बाहेरची वस्तू गेली की तो लाल होतो, सुजतो, पण पर्स्पेक्सची कपची आत पडून राहिली तरी डोळा तिला निमूटपणे सामावून घेतो. मग मोतीबिंदूचे धूसर झालेले भिंग काढून त्या जागी याच पदार्थाचे भिंग का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात ४५ वर्षांच्या एका महिलेवर त्यांनी अशा शस्त्रक्रियेची सुरुवात केली. भिंगासाठी आयसीआयने खास शुद्ध प्रतीचे पर्स्पेक्स तयार केले होते. त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी रिडलींना वेड्यात काढले. मान्यता मिळायला दशके जावी लागली. आणि १९८७ साली, म्हातारपणी मोतीबिंदू झालेल्या गॉर्डन क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यातही असेच भिंग बसवले गेले.

भारतात हे भिंग पूर्वी परदेशातून येई आणि गरिबाला परवडत नसे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली 'ऑरोलॅब' सुरू करून ते इथेच स्वस्तात बनवायला घेतले. आज आपल्या घरातल्या अम्मी-अब्बांच्या, दादा-दादींच्या डोळ्यांत जी भिंगे आहेत त्यांतली कितीतरी याच ॲक्रेलिकच्या कुळातली. मोतीबिंदूला उर्दूत आपण मोतिया म्हणतो. मोत्यासारखा दिसतो म्हणून नाव सुंदर, पण मोती आरपार दिसू देत नाही.

पाणी, साबण आणि उघडा हात

युद्ध संपले आणि लढाऊ विमानांचे प्लास्टिक लहान नागरी विमानांवर आले. १९५६ पासून विकले जाणारे सेस्ना १७२ हे त्यांतले सगळ्यात परिचित. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया या भागांत प्रशिक्षणाची लहान विमाने उडताना दिसतात. हवेत धूळ, डोक्यावर ऊन आणि पावसाळ्यात चिखल. ॲक्रेलिकचा कस लागावा असेच सगळे.

माझा एक माजी विद्यार्थी आयटीआय करून अशाच एका संस्थेच्या हँगरमध्ये मदतनीस म्हणून लागला. मोहल्ल्यात कुणी विचारले की त्याचे अब्बा नजर चुकवून सांगत, "विमानं पुसतो." घरात शिकलेला पहिला मुलगा, आणि काम काय, तर पुसायचे. ईदला तो भेटायला आला तेव्हा मी मुद्दाम त्याला त्याच्या कामाबद्दल विचारत राहिलो. त्याने जे सांगितले ते पुढे मी विमानांच्या माहितीपुस्तकांशी ताडून पाहिले. शब्दन् शब्द जुळला.

पहिला नियम असा की विमान सावलीत घ्यायचे आणि काच थंड होऊ द्यायची. तापलेल्या तक्त्यावर साबणाचे पाणी जागीच वाळते आणि डाग सोडते. हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवायचे. मग भरपूर स्वच्छ पाणी वरून खाली सोडायचे. इथे घासायचे काहीच नाही, पाण्यालाच धूळ वाहून नेऊ द्यायची. त्यानंतर सौम्य साबणाचे पाणी आणि उघडा हात.

हो, उघडा हात. फडके नाही, ब्रश नाही. मी विचारले, असे का? तो म्हणाला, "सर, हाताला खडा कळतो, फडक्याला कळत नाही." बोटाखाली वाळूचा कण आला की आपण थांबतो. फडके तोच कण पोटात घेऊन सगळ्या काचेवर फिरवत राहते.

चिकटलेले किडे खरवडायचे नाहीत. त्यांच्यावर ओले मऊ फडके काही मिनिटे ठेवले की ते आपोआप सुटतात. मग पुन्हा भरपूर पाणी आणि शेवटी ओलसर मऊ चामड्याने किंवा स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यायचे. कोरडे कापड घासले तर आणखी एक गंमत होते. प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि आसपासची धूळ पुन्हा तिथेच खेचली जाते. म्हणजे जितके पुसावे तितके मळते. कागदी रुमाल तर नकोच, त्याच्या तंतूंनीही बारीक चरे पडतात. काचेचे कापड वेगळे ठेवायचे. पंख पुसलेले कापड काचेला लावायचे नाही आणि हातातून जमिनीवर पडलेले कापड धुतल्याशिवाय परत उचलायचे नाही.

हात फिरवायचा तो सरळ रेषेत, गोल गोल नाही. कितीही जपले तरी सूक्ष्म रेषा उमटतातच. त्या सरळ असतील तर प्रकाश एका दिशेने थोडा चमकतो. गोल असतील तर सूर्य कुठेही असला तरी त्याच्याभोवती चकाकीचे कडे उभे राहते. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या वैमानिकाला त्या कड्यामागे धावपट्टी दिसत नाही. जमिनीवर उभे राहून पाहिले तर हीच काच अगदी स्वच्छ वाटते, हा तिचा खरा धोका.

सगळ्यात शेवटी मेणाचा पातळ, सारखा थर. मेण बारीक चरे भरून काढते आणि नवे पडू देत नाही. लहान विमानांना सहसा वायपर नसतात. पावसाचे थेंब हवेच्या झोतानेच सरकावे लागतात आणि मेण लावलेल्या पृष्ठभागावरून ते पटकन निसटतात.

काचेवर जाड कापडाचे आच्छादन घालून ठेवणे ही काळजी वाटते, पण माहितीपुस्तके त्यापासून सावध करतात. आच्छादनाखाली धूळ अडकते, वाऱ्याने कापड फडफडते आणि रात्रभर वाळूचा कागद घासल्यासारखे होते.

जाळी

चऱ्यांपेक्षा वाईट असते ती जाळी. ॲक्रेलिकच्या पृष्ठभागावर केसाहून बारीक असंख्य भेगा पडतात. एका कोनातून त्या दिसतही नाहीत. उन्हाची तिरीप पडली की संपूर्ण काच कोळ्याच्या जाळ्यासारखी चमकते. याला क्रेझिंग म्हणतात. तिचे एक मोठे कारण म्हणजे चुकीचे द्रव. पेट्रोल, अल्कोहोल, ॲसिटोन, थिनर आणि घरात आरसे पुसायला वापरतात तो अमोनियाचा फवारा. विमानतळावर इंधन हाताशी असते. काचेवर तेलाचा डाग दिसला की पेट्रोलचा बोळा फिरवायचा मोह होतो. डाग लगेच जातो, काचही छान दिसते. पण आधीच ताणाखाली वाकवून बसवलेल्या प्लास्टिकमध्ये ते द्रव शिरते आणि भेगा उघडू लागतात.

कधी हे काम निसर्गही करतो. १९८२ साली मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यातला गंधक वातावरणात उंच जाऊन आम्लाचे सूक्ष्म थेंब बनला आणि त्यानंतर उंचावरून उडणाऱ्या प्रवासी विमानांच्या ॲक्रेलिक खिडक्यांवर अशीच जाळी दिसू लागली. ज्वालामुखी जे आभाळात करतो तेच चुकीचा बोळा हँगरमध्ये करतो.

चरे काढता येतात, पण त्यालाही हुनर लागते. १५०० पासून १२००० क्रमांकापर्यंतचे बारीक होत जाणारे घासकागद क्रमाने वापरायचे. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा काटकोनात बदलायची, म्हणजे आधीच्या टप्प्याच्या रेषा गेल्या की नाही ते कळते. एकाच जागी जास्त घासले तर तिथे तक्ता पातळ होतो आणि भिंगासारखा प्रकाश वाकवतो. चरा जातो, पण त्यातून धावपट्टी वाकडी दिसते. यंत्राने घासले तर उष्णतेने पृष्ठभाग मऊ पडतो. काठापासून तडा गेला असेल तर त्याच्या टोकाला लहान छिद्र पाडून तो तात्पुरता थांबवता येतो. त्यानंतर मात्र तक्ता बदलणे हाच उपाय.

कुणाचा इतिहास?

आपल्या समाजात इतिहासाची भूक मोठी आहे. आपण काय शोधले, आपल्यातले कोण पहिले होते, हे मुलांना सांगताना आपली छाती भरून येते. त्यात वावगे काही नाही. पण मी वर्गात पाहतो ते असे की पहिला येणारा मुलगा एकच असतो, उरलेले पन्नास समोर बसलेले असतात. त्या पन्नासांना आपण फक्त उडणाऱ्यांचा इतिहास सांगितला, तर त्यातले बहुतेक जण स्वतःला त्या इतिहासाबाहेरचे समजतील. उद्या त्यातला कुणी हँगरमध्ये लागेल, कुणी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासेल, कुणी रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारे धुवेल. आणि घरी विचारले की नजर चुकवून म्हणेल, पुसायचे काम आहे.

या प्लास्टिकचा इतिहास त्यांच्यासाठी वेगळे काही सांगतो. रोमच्या प्रबंधाला आधार मिळाला तो टॅनरीतल्या कामाचा. स्पिटफायरचा वैमानिक परत आला तो त्याच्या रिगरने सकाळी पुसलेल्या झाकणातून पाहून. रिडलींच्या भिंगाला अर्थ आला तो ते रोज शेकड्यांनी बनवणाऱ्या, तपासणाऱ्या हातांमुळे. शोध एकदा लागतो. नितळपणा मात्र दर उड्डाणाआधी नव्याने मिळवावा लागतो आणि तो मिळवणाऱ्याला पदार्थाचे स्वभाव, द्रवांचे गुण, प्रकाशाची चाल हे सगळे हाताने माहीत असावे लागते. हे अडाण्याचे काम नाही. याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: हुनर. उर्दूतला हा शब्द मराठीनेही कधीच आपलासा केला आहे.

कधी प्रवासी विमानात खिडकीजवळ बसायला मिळाले तर हात लावून पाहा. तुमच्या बोटांना लागतो तो आतला पातळ तक्ता फक्त प्रवाशांपासून मुख्य खिडकी वाचवण्यासाठी बसवलेला असतो. त्यापलीकडे ताणून मजबूत केलेले ॲक्रेलिक आहे. त्यातून खाली घाट, नद्या, शेते स्पष्ट दिसत असतील, तर त्या विमानाची काळजी घेताना कुणीतरी आपले काम नीट केले आहे. मुलांना विमान कुणी उडवले हे सांगताना एवढेही सांगावे.